आधी ललकारी, मागून स्वारी

दसरा उजाडण्यापूर्वीच दिवाळी अंकांच्या जाहिराती सुरू होतात, आणि त्यांतले एक वाक्य ठरलेले असते : ‘मराठीत प्रथमच!’ काय प्रथमच, ते अंक हाती आल्यावर कळते; कधी कधी तेव्हाही कळत नाही. आपण हसतो आणि फराळाच्या ताटाकडे वळतो. जाहिरातीने जाहिरातीसारखे बोलावे यात गैर काही नाही. तिचा धनी कोण आणि तिला काय विकायचे आहे, हे उघड असते. पंचाईत होते ती तेच बोलणे परीक्षणाच्या पानावर येऊन बसते तेव्हा. तिथे ते ओरडत नाही. गंभीर चेहरा करून म्हणते, ‘या कादंबरीला नव्या युगाची नांदी म्हणून गौरविले गेले आहे.’ कोणी गौरविले? कधी? वाक्य गप्प.

हे वाक्य दिसायला मराठी असले तरी त्याचे माहेर इंग्रजीत आहे. इंग्रजी वृत्तपत्रांत आणि पुस्तकांच्या वेष्टनांवर ‘हेरल्ड’ नावाचे एक क्रियापद सारखे भेटते. अमुक लेखक नव्या पिढीचा आवाज म्हणून ‘हेरल्ड’ केला गेला, तमुक औषध चमत्कार म्हणून ‘हेरल्ड’ केले गेले. त्याच्या शेजारीच ‘हेल’ नावाचे दुसरे क्रियापद राहते, आणि लिहिणाऱ्याच्या हाताला जे आधी लागेल ते तो उचलतो. आजचे इंग्रजी कोशही ‘हेरल्ड’चा एक अर्थ ‘हेल करणे’ असाच देऊन मोकळे होतात. वास्तविक या दोघांची कामे वेगळी होती. येणाऱ्याची वर्दी द्यायची ती हेरल्डने. आलेल्याला सामोरे जाऊन अभिवादन करायचे ते हेलने. ही दोन कामे एकमेकांत मिसळली तर बिघडते काय, असे कोणी विचारील. बरेच बिघडते, असे आम्हाला वाटते.

हेरल्ड हा मुळात शब्द नव्हे, माणूस. फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेल्या या जर्मानिक शब्दाचा मूळ अर्थ सेनेचा अधिपती असा सांगतात. हॅरल्ड हे विशेषनाम त्याचाच भाऊबंद. पुढे अधिपत्य गेले आणि हातात काम उरले ते निरोपाचे. सरदारांच्या झुंजी होत तेव्हा लढणाऱ्याचे तोंड शिरस्त्राणात झाकलेले असे; ढालीवरची चिन्हे पाहून आत कोण आहे ते ओळखायचे आणि मोठ्याने सांगायचे, हा हेरल्डचा व्यवसाय. म्हणजे आधी ओळखणे, मग पुकारणे. या मंडळींना तिसऱ्या रिचर्डने १४८४ साली सनद दिली आणि त्यांची संस्था लंडनमध्ये अजूनही नांदते आहे. तिच्यात तीन ‘राजे’, सहा हेरल्ड आणि त्यांच्या हाताखालचे चार उमेदवार अशी तेरा माणसे असतात, आणि राजचिन्हांनी भरलेला तो जुना अंगरखा घालून ती समारंभाला उभी राहतात. १० सप्टेंबर २०२२ रोजी तिसरे चार्ल्स राजे झाल्याची द्वाही सेंट जेम्स राजवाड्याच्या सज्जातून फिरवली गेली, ती यांतल्याच प्रमुखाने वाचली. चार्ल्स काही त्या वाचनाने राजे झाले नाहीत. राणी दोन दिवसांपूर्वी वारली त्याच क्षणी ते झाले होते. हेरल्ड राजा बनवीत नाही. जो आहे त्याचे नाव सांगतो.

आणि प्रसंगी शत्रूचेही सांगतो. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात १४१५ सालची आझँकूरची लढाई संपते तेव्हा खुद्द हेन्रीला आपण जिंकलो की नाही हे कळलेले नसते. सांगतो कोण? फ्रेंचांचा हेरल्ड माँजॉय. हाच माँजॉय आधी हेन्रीकडे धमकीचे निरोप घेऊन येऊन गेलेला असतो. आता तोच कबूल करतो की दिवस तुमचा. मग हेन्री समोरच्या गढीचे नाव विचारतो आणि लढाईला ते नाव देतो. हरलेल्या बाजूच्या माणसाने जय कोणाचा ते सांगावे आणि सर्वांनी ते मानावे, एवढी त्या अंगरख्याची पत होती. म्हणूनच त्याच्या अंगाला कोणी हात लावीत नसे. दूत अवध्य असतो हे बिभीषणाने रावणाला सांगितले, ते आपल्या घरोघरी ठाऊक आहे. शेपटीचे काय झाले तेही ठाऊक आहे.

आपल्याकडे या कामाला एक शब्द कधीच पुरला नाही. राजाच्या पुढे भालदार-चोपदारांची ललकारी, गावात दवंडी, दारात वर्दी, आणि दुसऱ्याच्या घरातली भानगड चव्हाट्यावर न्यायची असेल तर डांगोरा. दवंडी आणि डांगोरा दोन्ही पिटतातच, पण कोणी सुजाण माणूस त्यांची गल्लत करीत नाही. दवंडीला धनी असतो. ‘ऐका हो ऐका’ झाल्यावर कोणाच्या हुकमाने ते सांगावेच लागते. डांगोऱ्याला धनी नसतो, म्हणून तर तो इतका दूर जातो.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. युरोपातला हेरल्ड मखमलीत वावरला. आमच्या गावगाड्यात सरकारी निरोप पोचवणे, कोणी वारल्याची वार्ता गावोगाव नेणे ही कामे महारांकडे होती. सगळ्या गावाचा आवाज ज्याने वाहून न्यायचा, त्याला गावच्या निर्णयात शब्द नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. इंग्रजी वळणाने ‘हेरल्ड’ हे नाव घेणारी वृत्तपत्रे या देशात पुष्कळ झाली. मुंबईचे १७८९चे ‘बॉम्बे हेरल्ड’ झाले, लखनौचे १९३८चे ‘नॅशनल हेरल्ड’ झाले, आणि गोव्यात १९०० साली पोर्तुगीज भाषेत निघालेले ‘ओ हेराल्डो’ १९८३ साली इंग्रजी झाले. पण पुकारणाऱ्याच्या मुकेपणावर बोट ठेवणारे नाव एकच.

आता ‘हेल’. मराठीत हेल काढून बोलतात तो हा नव्हे, आणि इंग्रजीत गारा पडतात तो ‘हेल’ही वेगळा. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थ धडधाकट, निरोगी असा. म्हणजे ‘हेल’ म्हणणे हे आपल्या ‘आयुष्मान् भव’च्या जातीचे. माणूस समोर उभा आहे, त्याला उद्देशून म्हणायचे. समुद्रात दोन जहाजे एकमेकांच्या टप्प्यात आली की खलाशी ओरडून विचारीत, कुठले? त्या ओरडण्यालाही ‘हेल’च म्हणत, त्यावरून अमुक माणूस अमुक गावचा हे सांगताना इंग्रजीत ‘हेल्स फ्रॉम’ असे म्हणू लागले. आमच्याकडच्या इंग्रजी परिचयपत्रांत सातारचा माणूस सातारहून ‘हेल’ होतो तो याच जहाजातून उतरून. गंमत बाजूला ठेवू. मुद्दा इतकाच, की हेल करायला समोर कोणीतरी असावे लागते.

समोर नसलेल्याला हेल केले तर काय होते, यावर शेक्सपिअरने एक अख्खे नाटक लिहून ठेवले आहे. ‘मॅक्बेथ’ मराठी रसिकांना परका नाही. शिवरामपंत परांजपे यांनी त्याचा ‘मानाजीराव’ केला, आणि १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी त्यावरून ‘राजमुकुट’ लिहिले. लढाई जिंकून परतणाऱ्या मॅक्बेथला माळावर तीन चेटकिणी भेटतात आणि तिघी त्याला ‘हेल’ करतात. पहिली त्याला ग्लॅमिसचा सरदार म्हणते. तो तसा आहेच; हे खरे अभिवादन. दुसरी त्याला कॉडॉरचा सरदार म्हणते. तोही तो झालेला आहे, फक्त त्याला अजून बातमी नाही, ही वर्दी. तिसरी म्हणते, पुढे राजा होणाऱ्या मॅक्बेथला हेल. हे मात्र दोन्ही नव्हे. जे झालेले नाही त्याला झाल्यासारखा मुजरा. एकच शब्द तीनदा येतो, एकाच सुरात येतो, आणि पहिल्या दोन खऱ्यांच्या पाठीवर बसून तिसरा आत शिरतो. मॅक्बेथ दचकतो. त्याच्या मनात काय हलले ते आपल्याला पुढे कळते.

मग तो एक अत्यंत शहाणा प्रश्न विचारतो. ही बातमी तुम्हाला कुठून मिळाली? ज्या क्षणी तो प्रश्न होतो त्या क्षणी चेटकिणी हवेत विरून जातात. लगेच पाठोपाठ राजाचा माणूस रॉस येतो. तोही मॅक्बेथला कॉडॉरचा सरदार म्हणून हेल करतो, पण त्याआधी सांगतो की मला राजाने पाठवले आहे. बातमी तीच, शब्द तोच. एक जण धन्याचे नाव सांगतो, दुसऱ्या विचारल्याबरोबर नाहीशा होतात. आम्हाला या नाटकातला हा प्रवेश चाकूच्या प्रवेशाहून भयंकर वाटतो. मॅक्बेथने त्या न मिळालेल्या उत्तराकडे लक्ष दिले असते तर डंकन राजा वाचला असता. तो लक्ष देत नाही. उलट राजा आपल्या घरी मुक्कामाला येणार म्हणताच, मी स्वतःच पुढे जाऊन वर्दी देतो, असे म्हणतो. तिथे इंग्रजी शब्द आहे ‘हार्बिंजर’. हाही हेरल्डचा सोबती. स्वारीच्या पुढे जाऊन मुक्कामाची सोय लावणारा तो हार्बिंजर. ज्याचा रात्री खून करायचा त्याच्यासाठी बिछाने घालायला हा पुढे धावतो. शब्दांचे मूळ अर्थ जाणणाऱ्या प्रेक्षकाला त्या एका शब्दाने घाम फुटावा.

परीक्षणातले ‘गौरविले गेले आहे’ हे वाक्य चेटकिणींच्या कुळातले आहे. कोणाकडून, असे विचारले की ते विरते.

छापखाना आल्यावर हेरल्डच्या धंद्यात आणखी एक फरक पडला. जेम्स गॉर्डन बेनेट याने १८३५ साली ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ काढले. त्याच्या मुलाच्या हाती पत्र आले तेव्हा त्याने हेन्री स्टॅनलीला आफ्रिकेत पाठवून १८७१ साली लिव्हिंगस्टनला हुडकून काढले. म्हणजे बातमी येण्याची वाट न पाहता बातमी घडवून आणली. तेवढे एक वेळ शौर्य म्हणून चालून गेले. पण ९ नोव्हेंबर १८७४ रोजी याच पत्राने छापले की सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून श्वापदे सुटली आहेत आणि माणसांना फाडीत शहरभर हिंडत आहेत. वर्णन तपशीलवार होते; लोकांची गाळण उडाली. आणि त्या लांबलचक मजकुराच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते की हे सारे काल्पनिक आहे. शेवटचा परिच्छेद कोण वाचतो? वाघ सुटला म्हटल्यावर माणूस दाराला कडी घालील की मजकूर पुरा करील? हेरल्डचा अंगरखा घालून खोटी ललकारी देण्याचा इतका चोख नमुना दुसरा सापडणे कठीण.

साहित्यात श्वापदे सुटत नाहीत, पण ललकारी सुटते. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ छापले, तेव्हा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर कवीचे नावसुद्धा नव्हते. एक प्रत त्याने एमर्सनला पाठवली. एमर्सन त्या वेळी अमेरिकेतला मान्यवर विचारवंत. त्याला या अनोळखी माणसाचे पुस्तक मनापासून आवडले आणि त्याने जुलै महिन्यात एक उदार पत्र लिहून कवीचे स्वागत केले. हे खरे हेल. एका माणसाने दुसऱ्याला, नाव घालून, घरच्या पत्त्यावर पाठवलेले. व्हिटमनने काय करावे? पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना त्या पत्रातले एक वाक्य एमर्सनच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उठवले. एमर्सनला विचारलेसुद्धा नव्हते. खाजगी अभिवादनाची जाहीर ललकारी झाली. आज प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर जे स्तुतीचे वाक्य असते त्याचा हा एक पूर्वज. एवढ्यावर व्हिटमन थांबला असता तरी आपण त्याला व्यवहारचतुर म्हणून सोडले असते. पण त्याने स्वतःच्या पुस्तकाची निनावी परीक्षणे लिहून छापवली, आणि त्यांत स्वतःचे यथास्थित कौतुक केले.

तो थोर कवी होता, याबद्दल दुमत नाही. त्याच्या त्या निनावी परीक्षणांत कौतुकाचे जे लिहिले होते त्यातले पुष्कळसे पुढे खरेही ठरले. मग हरकत कशाची? हरकत अशी, की ते शब्द वाचणाऱ्या वाचकाला हे अमेरिकेचे मत आहे असे वाटले, आणि ते एका माणसाचे स्वतःविषयीचे मत होते. भाकीत खरे ठरले म्हणून चेटकीण हेरल्ड होत नाही. मॅक्बेथही अखेर राजा झालाच होता.

याच्या उलट उदाहरण संगीतातले. रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार मोठा टीकाकारही होता. लायप्झिगचे एक संगीतविषयक नियतकालिक त्यानेच सुरू केले होते. १८५३च्या सप्टेंबरअखेर वीस वर्षांचा एक पोरगा त्याच्या दारात आला, पियानोवर आपल्या रचना वाजवून गेला. महिन्याभरात शूमानने वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेली लेखणी उचलली आणि त्याच नियतकालिकात लेख लिहिला, की ज्याची वाट पाहत होतो तो आला आहे. पोरग्याचे नाव योहानेस ब्राम्स. हे हेरल्डचे काम पुरेपूर. येणारा कोण ते ओळखून, आपल्या नावाची पत पणाला लावून केलेली घोषणा. ब्राम्स काहीच निघाला नसता तर हसे शूमानचे झाले असते.

तरीही या खऱ्या ललकारीचे ओझे केवढे, तेही पाहावे. ब्राम्सने आभार मानले, पण लोकांच्या अपेक्षा आता इतक्या वाढल्या आहेत की त्या पुऱ्या कशा कराव्यात ते कळत नाही, असे कळवले. त्याची पहिली सिंफनी लोकांपुढे आली ती १८७६ साली, वयाच्या ४३व्या वर्षी. मधल्या काळात त्याने किती रचना फाडल्या, जाळल्या. शूमान तर १८५६ सालीच वेड्यांच्या इस्पितळात वारला होता. ज्याची वर्दी दिली त्याची पहिली सिंफनी त्याच्या कानावर पडली नाही. प्रामाणिक वर्दी एका वीस वर्षांच्या पोराला २३ वर्षे पुरली. मग दर महिन्याला एक नवा युगप्रवर्तक जाहीर करणाऱ्या लेखण्या कोवळ्या लेखकांचे काय करीत असतील? दुसरे पुस्तक लिहायला बसलेल्या त्या मुलाच्या वा मुलीच्या टेबलावर पहिल्या पुस्तकाची सोनेरी अक्षरे येऊन बसतात. काही जण त्या अक्षरांसाठीच लिहू लागतात. काही लिहीतच नाहीत.

मराठीत आम्ही या कामाला ‘नांदी’ हा शब्द जुंपला आहे, ते तर फारच वाईट. नांदी ही भविष्यवाणी नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रापासून ती पूर्वरंगातली प्रार्थना आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ची नांदी झाली तेव्हा पडद्यामागे नाटक तयार होते, तालमी झाल्या होत्या, तोंडे रंगली होती. नाटक आहे म्हणून नांदी. आमच्या परीक्षणांत नांदी जोरात होते, पडदा वर जातो, आणि रंगमंचावर कोणीच नसते. चोपदाराने ललकारी द्यावी आणि मिशी सापडेना म्हणून महाराजांनी विंगेतच राहावे, तशी अवस्था. प्रेक्षक दोनदा हसतील. तिसऱ्यांदा खरा राजा आला तरी मान वर करणार नाहीत, आणि नुकसान होईल ते त्या खऱ्याचे.

सरळ मराठीत ‘मला हे पुस्तक आवडले, आणि का ते सांगतो’ असे लिहायला कोणाची बंदी आहे? कर्मणी प्रयोग मराठीला वर्ज्य नाही, ‘रामाने रावण मारला’ हा कर्मणीच. पण त्यात मारणारा राम समोर उभा असतो. ‘गौरविले गेले’मध्ये तो कुठे दडतो? इंग्रजीचे हे वळण आम्ही घेतले ते सोयीचे म्हणून. चुकले तर अंगाशी येत नाही.

इंग्रजीत या शब्दाचे नकारार्थी रूप मात्र अजून आपल्या इमानाला जागून आहे. ‘अनहेरल्डेड’ म्हणजे ज्याची वर्दी कोणी दिली नाही, जो न पुकारता आला. मराठीत त्याला एक शब्द नाही, पण उदाहरण आहे. केशवसुतांनी १८९३ साली ‘तुतारी’ लिहिली. हेरल्डच्या हातात जे वाद्य असते तेच त्यांनी मागितले, आणि ते फुंकून जुन्यावर हल्ला पुकारला. त्यांच्यासाठी मात्र कोणी फुंकले नाही. कविता नियतकालिकांतून येत राहिल्या, पण १९०५ साली हुबळीला प्लेगने त्यांना नेले तोवर त्यांचे एकही पुस्तक निघालेले नव्हते. संग्रह निघाला तो त्यांच्या मागे, हरिभाऊ आपट्यांमुळे. आणि आपण केशवसुतांचे चेले आहोत हे गोविंदाग्रजांनी उघड, कवितेतून, आपल्या नावाने सांगितले.